भास्करची पाटी आणि कमलचं बोट

कमलचे ओठ निळे पडले होते. घशातून घर्र घर्र आवाज येत होता. मान उशीवरून घसरली होती आणि डावा हात समोरच्या पाटीवर होता. पाटीवर एक लाल चौकोन थरथरत होता आणि तिचं बोट त्याच्यावर दाबलेलं होतं. दाराबाहेरचा भोंगा मात्र गप्प होता.

मी शेजारीण, विरजण मागायला गेले होते. वाटी तिथेच टाकली. तिला उलटी झाली होती आणि ती घशात अडकली होती. मी तिला कुशीवर लोटलं, तोंडात दोन बोटं घालून सापडलं ते बाहेर काढलं आणि पाठीत थापा मारल्या. दोनदा काहीच झालं नाही. मी ओरडले, पण भर दुपारी आमची गल्ली रिकामी असते, सगळे शेतात. तिसऱ्या वेळी ती खोकली, मग तिने श्वास घेतला. तो आवाज ऐकून मी जमिनीवर बसले.

तेवढ्यात तिचा नवरा भास्कर आला. त्याच्या हातात पाटी पलंगाला अडकवायचा लोखंडी आकडा होता. तो आणायलाच जळगाव जामोदला गेला होता.

"काय झालं वहिनी?"

"तुई बायको मरून राह्यली होती."

त्याने आधी पाटीकडे पाहिलं, मग बायकोकडे. हे मी पाहिलं आणि ते मी विसरले नाही. तरीही भास्कर वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायचं आहे. म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन वरवट बकालला आले तेव्हा भास्कर शेजारच्या घरातला सहावीतला पोरगा होता. आमच्या दोन घरांत एकच भिंत. पुढे त्याने आयटीआय केलं, खामगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वायरमन म्हणून राहिला, नोकरी सुटल्यावर गावात येऊन टीव्ही, पंखे आणि नंतर कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला. कॉम्प्युटर त्याला कोणी शिकवला नाही. मोबाईलवर पाहून पाहून शिकला. शर्टाच्या खिशात टेस्टर कायम. लग्नात, मयतीत, बुद्धविहारात वंदनेला बसला तरी खिशात टेस्टर. एकदा मी म्हटलं, "भास्कर, इथं कोणाचा करंट पाहाचा आहे तुले?" तर म्हणाला, "वहिनी, करंट सांगून येत नाही."

दारू नाही, तंबाखू नाही. वाईट सवय एकच. चालणारी वस्तू त्याला बघवत नसे.

विहारातला पंखा कुटकुट आवाज करायचा, पण फिरायचा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भास्करने तो खाली उतरवला. दुसऱ्या दिवशी सगळं गाव घामाने निथळत बसलं, बाया पदराने वारा घेत होत्या आणि हा कोपऱ्यात वर्तमानपत्रावर पंख्याचे तुकडे मांडून.

"काऊन काढला बे?" कोणीतरी विचारलं.

"आवाज करत होता."

"वारा बी देत होता ना!"

त्याला ते पटलं नाही. "चालते हे काई उत्तर नाही," असं तो म्हणायचा. "कसं चालते ते पाहा लागते."

माझ्याही घरात त्याने एकदा असंच केलं. स्वयंपाकघरातला बोर्ड जळाला म्हणून बोलावला, तर नवीन बसवताना बटणं अदलाबदल केली. आधी पहिलं पंख्याचं आणि दुसरं लाईटचं होतं. त्याने पहिलं लाईटचं केलं. का, तर माणूस आत आल्यावर आधी उजेड लावतो. बरोबर होतं त्याचं. पण माझा हात चाळीस वर्षं दुसऱ्या बटणावर जात होता. वर्षभर मी उजेड लावायला गेले की पंखा सुरू व्हायचा आणि परातीतलं पीठ तोंडावर यायचं.

"मले इचारलं का तू?"

"तुमच्याच सोयीचं केलं वहिनी. इचाराचं काय त्याच्यात?"

आता कमलचं सांगते. कमल त्याची बायको. ती बोलायची, आणि बोलायची म्हणजे थांबायचीच नाही. भास्कर घरात गप्प असायचा, कारण त्याला जागाच नव्हती. शेत तिनेच पाहिलं. पाण्याच्या पाळीवरून तिने दोन वावरांपलीकडच्या माणसाला असं ऐकवलं होतं की तो पुढे आमच्या गल्लीतून जायचं टाळायचा. त्या कमलला तीन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं, कान शाबूत होते, डावा हात चालत होता. तोंडातून फक्त "अं अं" निघायचं. पहिले काही महिने ती त्या "अं अं"नेच भांडली. मग तेही सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली.

भास्करला ते सहन झालं नाही. तिच्या बोलण्याला कंटाळलेला माणूस, पण ते बंद पडल्यावर तो घरात नुसता फिरत असायचा. एक दिवस खामगावहून कुठल्या दुकानाचं भंगारात काढलेलं बिलं करायचं यंत्र घेऊन आला. बोटाने चालणारा पडदा, शाळेतल्या पाटीएवढा. गल्लीने त्याचं नाव पाटीच ठेवलं.

मी म्हटलं, "हे कशाले? घंटी बांध ना तिच्या हाताले."

"घंटीनं हाक मारता येते वहिनी. काय पाहिजे ते सांगता येत नाही. हिले बोलाचं आहे."

हे खरं होतं. 

त्या जुन्या यंत्राला मूळची सिस्टीम झेपत नव्हती म्हणून त्याने त्यात लिनक्स टाकलं. ते काय असतं हे त्याने मला ओट्यावर बसून समजावलं. "लिनक्स म्हणजे घराचा पाया न् भिंती समजा. फुकट भेटते. पडद्यावर जे दिसते, बटणं कुठं, कसं उघडाचं, कसं बंद कराचं, ते म्हणजे आतली मांडणी. पाया न हालवता मांडणी बदलता येते. पाह्यजे तितक्या भेटतात. ज्याले जशी पाह्यजे तशी."

"मंग कमलले कशी पाह्यजे?"

"तिले काय समजते त्याच्यातलं?"

इथेच सगळं बिघडलं, पण तेव्हा मलाही ते कळलं नाही. मी चौथी शिकलेली, मला वाटलं हा बरोबरच बोलत असेल.

पडद्यावर त्याने चित्रांचे चौकोन केले. पाणी, दुखते, कूस बदला, संडास, पंखा. चौकोन दाबला की पाटी बोलायची. आवाज भास्करचाच भरलेला होता, त्यामुळे कमल भास्करच्या आवाजात पाणी मागायची. एक चौकोन अक्षरांचा. तो दाबला की क, ख, ग मांडलेले यायचे आणि एकेक जुळवून लिहिता यायचं. कमलही माझ्यासारखीच चौथीपर्यंतची, पण अक्षर ओळखायची. आणि एक लाल चौकोन. तो दाबला की दाराबाहेर लावलेला भोंगा वाजायचा आणि भास्करच्या मोबाईलवर फोन जायचा. तो जिवाचा चौकोन होता.

पहिली मांडणी त्याने लावली ती हलकी होती, यंत्र पळायचं. पण ती माऊसने चालवायच्या कॉम्प्युटरची होती. खिडकी बंद करायची फुली तुरीच्या दाण्याएवढी. बोट टेकवलं की तिसरंच काही उघडायचं. अक्षरं आपोआप वर यायची नाहीत, आणि आली की लिहायच्या जागेवरच येऊन बसायची. भास्करने आठ दिवसांत ती काढून टाकली. "जुनाट आहे," म्हणाला.

दुसरी देखणी होती. मोठी चित्रं, अक्षरं आपोआप वर यायची. पण त्या यंत्राला ती जड झाली. कमलने पाणी दाबलं की काहीच व्हायचं नाही. तिने पुन्हा दाबायचं, पुन्हा दाबायचं. मी पाणी पाजून भांडं घासायला गेले की मागून पाटी ओरडायची, "पाणी. पाणी. पाणी." कमल हसायची. लकव्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा, म्हणून मी त्या मांडणीला नावं ठेवली नाहीत.

त्याच काळात एकदा भर जेवणाच्या वेळी भोंगा वाजला. सगळी गल्ली धावली. मी हातात लाटणं घेऊन, कोणी तोंडात घास घेऊन. भास्कर मोरीतून ओल्या अंगाने आला. कमल स्वस्थ बसली होती. तिने डाव्या हाताने वरणाची वाटी आमच्याकडे सरकवली. मी चाखून पाहिलं. मीठ नव्हतं.

"यासाठी भोंगा?" भास्कर ओरडला.

"मिठाचा चौकोन कुठं आहे तुह्या पाटीवर?" मी म्हटलं.

त्याने दुसऱ्या दिवशी मिठाचा चौकोन केला. पण ही मांडणी सावकाश चालते हे त्याला खुपत राहिलं. आणि मग त्याला नादच लागला. कधी ही मांडणी बसवून बघ, कधी तिची अक्षरं हिच्यात आणून बघ. कमलचं बोट एका जागेला सरावलं की याने पाणी उचलून वरच्या ओळीत नेलं. तिने पाणी म्हणून दाबावं आणि पाटीने "संडास" म्हणावं. ती चिडायची, पाटी ढकलायची. तो म्हणायचा, "दोन दिस थांब, हे याच्यापेक्षा चांगलं आहे." प्रत्येक बदल करताना तो स्वतः वीस वीस वेळा दाबून बघायचा. मोजायचा. एकदाही चुकायचं नाही, मग उठायचा. मेहनतीला त्याच्या तोड नव्हती. फक्त बोट त्याचं होतं.

तिसरी मांडणी त्याने त्या दिवशी सकाळी बसवली. मोबाईलसारखी होती. झपझप चालायची, चौकोन ठसठशीत, भास्कर खूश. वीस वेळा लाल चौकोन टिचकीसारखा दाबून पाहिला, वीस वेळा भोंगा वाजला. आम्ही सगळ्यांनी कानात बोटं घातली. मग तिला पाणी पाजून, उशा लावून, तो आकडा आणायला बसने गेला.

दुपारी काय झालं ते मी वर लिहिलं आहे.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पाटी मांडीवर घेऊन बसला आणि मला बोलावलं. "वहिनी, भोंगा ठीक आहे. वायर ठीक आहे. मी आताही दाबला, वाजला. लाल चौकोन मात्र खाली कोपऱ्यात गेला होता. कसा गेला? तुम्ही काय पाह्यलं ते सांगा."

मी सांगितलं. चौकोन थरथरत होता आणि तिचं बोट त्याच्यावर होतं.

"बोट होतं म्हणजे? तिनं दाबला होता?"

"दाबून धरला होता."

"धरला काऊन? टेकवून सोडाचं असते."

मग त्याने मला समजावलं. त्या मांडणीत बोट टेकवून उचललं की चौकोनाचं काम होतं. दाबून धरलं की मांडणीला वाटतं, या माणसाला चौकोन इथून उचलून दुसरीकडे ठेवायचा आहे. मग तो सुटतो, थरथरतो आणि बोटाबरोबर सरकतो. मोबाईल वापरणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असतं. कमल जीव घाबरा होऊन लाल चौकोन दाबत होती, आणि पाटी समजत होती की ही बाई घर आवरते आहे.

"पण तिनं धरला काऊन?" त्याने पुन्हा विचारलं. "इतके दिस टेकवतच होती ना?"

इतके दिवस ती पाणी मागत होती. ही वेळ वेगळी होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतका हुशार माणूस, आणि याला दिसत नव्हतं.

"भास्कर, ती मोटर चालू करून राह्यली होती."

आमच्याकडे शेतात विजेचा दाब कमी असतो. स्टार्टरचं हिरवं बटण दाबून लगेच सोडलं तर मोटर नुसती गुरगुरते आणि बंद पडते. ती उचलेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं. आमच्या गावात कोणतीही बाई, पोरगी, म्हातारी बटण म्हटलं की दाबून धरते. वाजेपर्यंत, फिरेपर्यंत, पाणी पडेपर्यंत सोडत नाही. मीसुद्धा मिक्सरचं बटण तसंच धरते. आणि कमलला हे कोणी शिकवलं? त्यांच्या विहिरीवरचा स्टार्टर भास्करने बसवला होता. मी तिथे होते. तो तिला सांगत होता, "दाबून धर. उचलेपर्यंत सोडू नको. घाबरून सोडलं तर मोटर जळन."

याची मी त्याला आठवण करून दिली. द्यायला नको होती, असं पुढे काही लोक म्हणाले. मला तसं वाटत नाही. चूक कुठे झाली ते ज्याची त्याला कळलं पाहिजे.

त्याने पाटी मांडीवरून खाली ठेवली. मग कमलकडे न बघता म्हणाला, "मी माह्याच बोटानं पाह्यलं."

त्यानंतर कमलने पाटीला हात लावणं सोडलं. भास्कर पाटी पुढे आणायचा, ती भिंतीकडे तोंड करायची. पाणी मागायची नाही. वेळेवर दिलं तर प्यायची, नाही तर तशीच राहायची. तीन आठवडे असं चाललं. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय, अंग सुकतंय. भास्कर तिच्यापुढे हात जोडायचा, मग चिडायचा, मग ओट्यावर येऊन बसायचा. मी त्याला धीर दिला नाही. काय म्हणून देणार? पोटात धड काही जात नव्हतं तिच्या.

एक दिवस तो शेतात गेला आणि विहिरीवरचा स्टार्टर काढून घेऊन आला. तोच, जुना, गंजलेला, हिरवं बटण झिजून मधे खळगा पडलेलं. त्यातली मोटरची जोडणी काढली, भोंग्याची घातली आणि पेटी पलंगाच्या डाव्या बाजूला पट्टीवर ठोकली. कमल डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. त्याने तिला काही सांगितलं नाही. बाजूला होऊन उभा राहिला.

तिने हात नेला. अंगठा बरोबर त्या खळग्यात बसला. तिने दाबलं आणि धरलं. भोंगा इतका वेळ वाजला की खालच्या आळीतली माणसं आली. कमलने सोडलंच नाही. भास्करने "बास" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही मांडण्या पाटीवर पुन्हा चढवल्या. या वेळी भिंतीवर खडूने तीन रकाने आखले आणि कमलला म्हणाला, "आता तू पाह्य. मी बोट लावत नाही." प्रत्येक मांडणीत तिने वीस वेळा दाबायचं. पाणी, मीठ, अक्षरं, बंद करायची फुली. बरोबर पडलं की मी खडूने रेघ मारायची. भास्कर दोन्ही हात काखेत दाबून स्टुलावर बसला. तिचं बोट चुकलं की त्याचे खांदे हलायचे, पण हात बाहेर आले नाहीत.

देखणीत नऊ रेघा पडल्या. मोबाईलसारखीत बारा. जुनाट म्हणून त्याने टाकून दिलेली पहिली मांडणी होती, तिच्यातलं सगळं त्याने दुप्पट मोठं केलं होतं, फुली रुपयाएवढी केली होती, दाबून धरलं तरी साधं दाबलंच समजायचं अशी केली होती. तिच्यात अठरा.

"हे दिसायले बेकार आहे," भास्कर म्हणाला. त्याच्याने राहवलं नाही.

कमलने त्याच्याकडे पाहिलं. मग अक्षरांचा चौकोन दाबला आणि लिहायला लागली. एक अक्षर, थांबायचं, मग काना शोधायचा. चुकलं की पुसायचं. मध्ये मी घरी जाऊन भाजी खाली उतरवून आले तरी ती लिहितच होती. भास्करला पहिल्या शब्दानंतर पुढचं कळलं असणार, त्याचे ओठ हलले, पण तो बोलला नाही. शेवटी पाटीवर एवढं होतं:

मले आधी काऊन नाही विचारलं

"हाव," भास्कर म्हणाला. "नाही इचारलं."

 मांडणी तीच राहिली. त्यानंतर मी त्याला तिच्यात बदल करताना पाहिलं नाही. हात शिवशिवायचे ते दिसायचं. संध्याकाळी पाटीपुढे बसायचा, बघायचा, कपड्याने पुसायचा आणि उठायचा. तो बारीक झाला होता. छातीत दुखतं म्हणायचा, पण दाखवायला जायचा नाही, कारण हिच्याजवळ कोण. मी आहे म्हटलं तरी नाही. मी त्याला एक दिवस चांगलं झाडलं तेव्हा तयार झाला.

खामगावला जायचं होतं त्या सकाळी मी कमलजवळ बसायला गेले. भास्कर दारात उभा होता, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. धुतलेला शर्ट, हातात पिशवी.

"कमल, जाऊ का?"

आयुष्यभर तो असं विचारायचा आणि उत्तराआधीच निघून जायचा. जाऊ का म्हणेपर्यंत गल्लीच्या टोकाला असायचा. त्या दिवशी तो उभा राहिला. कमलने पाटी ओढली. रस्त्यावरून बसचा हॉर्न ऐकू आला.

"अबे जा ना, बस जाईन," मी म्हटलं.

"तिचं होऊ द्या वहिनी."

तिने ज शोधला, मग काना शोधला. वर मान करून त्याला दाखवलं. त्याने वाचलं, दुसऱ्या पायात चप्पल घातली आणि गेला. बस त्याला मिळाली.

खामगावच्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं, आणि चौथ्या दिवशी तो छातीच्या दुखण्याने वारला. कमलला मी सांगितलं. त्यांची लग्न झालेली लेक आता तिच्याजवळ येऊन राहिली आहे. त्या दुपारी जिचा श्वास अडकला होता ती कमल जिवंत आहे.